फाइल उघडी, चहा बंद

परकारकाका ब्रेडशी बोलतात, अशी आमच्या ईराची लहानपणी पक्की समजूत होती. पोरीचं काही चुकलं नव्हतं. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या नेहमीच्या दुकानात काका ब्रेडचं पाकीट उचलतात, चष्मा कपाळावर ढकलतात, पाकीट नाकापर्यंत आणून मागची बारीक अक्षरं वाचतात आणि अगदी मायेनं त्या पाकिटालाच विचारतात, "बोल बाबा, माहेर कुठलं तुझं?" ब्रेड गप्प. मग काका खिशातून फोन काढतात आणि पाकिटावरचा टोल-फ्री नंबर फिरवतात. तिथेच, ट्रॉली आडवी लावून, स्पीकरवर.

"मॅडम, युअर मोनो अँड डायग्लिसराइड्स. फ्रॉम प्लँट ऑर फ्रॉम अ‍ॅनिमल?"

पलीकडची बाई म्हणते, सर, ती माहिती आम्ही देत नाही, ते आमचं सीक्रेट आहे. त्यावर काका म्हणतात, "मॅडम, आय डोन्ट वाँट द रेसिपी. आय ओन्ली वाँट द मदर्स हाउस." ती बाई गोंधळते, होल्डवर टाकते, गाणं वाजतं. मागे माणसं खोळंबतात. काका गाण्याच्या तालावर बोटं नाचवत उभे. एकदा एका आइस्क्रीम कंपनीला फोन लावला तर तिकडची बाई म्हणाली, "मिस्टर परकार? मी आधी ब्रेडवाल्यांकडे होते, आठवतंय का?" काकांना आठवत होतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं हेही त्यांनी विचारलं. ग्लिसराइडचं मग.

तर हे आमचे इसाक परकार. दाभोळच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान, केमिकल इंजिनियर. ह्यूस्टनच्या आसपासच्या तेलाच्या कारखान्यांत उभा जन्म काढला. कुठल्या पाइपातून काय येतं आणि कुठे जातं, हे बघणं एवढंच काम. रिटायर झाल्यावर माणसं गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात. काका हलालचे इन्स्पेक्टर झाले. म्हणजे असं, की एखाद्या कारखान्याला आपल्या मालावर हलालचा शिक्का हवा असेल, तर शिक्का देणारी संस्था काकांना तिकडे पाठवते. काका जाऊन बघतात, की ह्यात धर्मानं वर्ज्य केलेलं काही शिरलेलं नाही ना.

हलाल म्हटलं की लोकांना सुरी आठवते. मलाही तेवढंच ठाऊक होतं. काका म्हणतात, "मटण सोपं असतं बाय. मटण समोर दिसतं. लबाड असतं ते बिस्किट." आणि मग ते सुरू झाले की माणूस थक्क होऊन ऐकत राहतो. ब्रेड मऊ व्हावा म्हणून घालतात त्यातलं एक द्रव्य कधी पिसांतून काढतात, कधी डुकराच्या केसांतून, आणि पूर्वी म्हणे न्हाव्याच्या दुकानात पडलेल्या केसांतूनसुद्धा काढायचे. हे ऐकलं आणि आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या जोशीकाकूंनी ब्रेडच सोडला.

जोशीकाकू चातुर्मास पाळणाऱ्या. कांदासुद्धा खात नाहीत. पण दुकानात गेल्या की पहिला फोटो काढतात तो पाकिटाच्या पाठीचा, आणि पाठवतात परकारकाकांना. एकट्या त्याच नाहीत, मंडळातल्या सगळ्या शाकाहारी बायका पाठवतात. काकांची उत्तरं ठरलेली असतात. "माहेर बरं आहे. घ्या." किंवा, "माहेर सांगत नाहीत. ठेवा परत." चातुर्मासात जोशीकाकूंचा धर्म परकारकाका सांभाळतात, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. काका न पोळताच फुंकतात. टूथपेस्ट, गोळीवरचं आवरण, पाकिटाचा डिंक, लिपस्टिक. लिपस्टिकचं माहेर त्यांनी एका लग्नात नवरीला विचारलं होतं. रबियाचाचींनी त्यांना कोपर मारलं म्हणून थांबले.

रबियाचाची म्हणजे काकांची बायको. त्यांना काका आणि ह्यांना चाची असं मी का म्हणत गेले, ते मला आजही सांगता येणार नाही. मी नागपूरहून नवी नवी इथे आले तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, ईरा पोटात होती, नवरा सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा, आणि बाहेर ते ओलं, चिकट ऊन. नागपूरचं ऊन मला चालतं, ते निदान कोरडं असतं. एक दिवस दारात एक ठेंगणी बाई उभी. हातात डबा, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या. म्हणाली, "तू शाकाहारी, असं कळलं. तवा वेगळा घेतलाय, तुझ्यासाठीच. बिनधास्त खा." मी त्या भाकरीवर अक्षरशः रडले. चाची म्हणाल्या, "इथे तुला माहेर नाही, मला पण नाही. मी तुझं होते, तू माझं हो." ईरा झाली तेव्हा तिला पहिली आंघोळ त्यांनीच घातली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारचा चहा आमच्याकडे. दोघं यायची, चप्पल गराजमध्ये काढायची. मग चाची आजारी पडल्या. त्या दिवसांत मी काकांबरोबर हॉस्पिटलात बसायची. सगळं जग चाळणीतून गाळणारा हा माणूस, पण नर्सनं आणलेल्या एकाही गोळीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. मीच एकदा विचारलं, तर म्हणाले, "आजारात सगळं माफ असतं. आपला दीन, आपला धर्म, एवढा कठोर नाही बाय, आपणच असतो." चाची गेल्या, त्यानंतरच्या रविवारी मला वाटलं, आता हे कसले येतात. पण गराजमध्ये चपलेचा आवाज झाला. एकाच जोडाचा.

मागच्या दाराजवळच्या स्टुलावर बसायचं, चहात आलं कमी आहे म्हणायचं, पुढ्यात येईल ते खायचं आणि खाडीच्या गोष्टी सांगायच्या, असा त्यांचा रविवार. मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. दर शनिवारी फोन करतो, "हाय डॅड, यू गुड? गुड." पोरगा चांगला आहे, काळजी घेतो, पण बोलणं तेवढंच. काका एकदा हसत हसत म्हणाले, "माझ्या घरात मराठी बोलणारा आता मी एकटा. ते पण ब्रेडशी." मी लगेच आणखी एक थालीपीठ लावलं. मला तेवढंच सुचतं.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

मी भरतभाईंच्या फरसाणच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. चकली, शेव, चिवडा, गाठिया. भरतभाई कट्टर शाकाहारी, कारखान्याच्या दारावरच मोठ्या अक्षरांत 'प्युअर व्हेज' लिहिलंय. हॉस्पिटलं आणि युनिव्हर्सिट्यांच्या कँटीनना माल पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला आमची चकली आवडली. पण त्यांनी अट घातली, हलालचा शिक्का पाहिजे. भरतभाई हबकले. "बेन, अपना तो प्युअर व्हेज है. प्युअर व्हेज के ऊपर क्या होता है?"

मी म्हटलं, काही काळजी करू नका, आमचे शेजारीच इन्स्पेक्टर आहेत. घरचा माणूस आहे, येईल, चकली खाईल, सही करेल. बेसनात आणि तेलात बघण्यासारखं असतं काय? आम्ही शाकाहारी माणसं ना, आमचा आमच्या स्वयंपाकघरावर फार विश्वास. अर्ज केला. फाइल काकांकडेच गेली. मला कोण आनंद झाला.

पुढच्या रविवारी काका आले, पण गराजमधून नाही. पुढच्या दाराची बेल वाजवून पायरीवर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःची पाण्याची बाटली.

"बाय, तुमच्या कंपनीचा अर्ज आलाय. फाइल माझ्याकडे आहे."

"अहो मग आत या नं, चहा उकळतोय."

"फाइल उघडी आहे तोवर ह्या घरचा चहा बंद. पाणी पण नको. ज्याची तपासणी करायची त्याचं खायचं नसतं."

मला वाटलं थट्टा करतात. मी हसले. ते हसले नाहीत. ऊन असं होतं की पायरीवर चप्पल चिकटावी, आणि हा म्हातारा तिथे उभा राहून बाटलीतलं पाणी पितोय. "बरंय मग," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. मी नागपूरची आहे. राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी मी घासलेली भांडीसुद्धा परत घासली.

कारखान्यात आले तेव्हा तर कमालच. माझ्या मांडीवरच्या पोरीला ज्यांनी चालायला शिकवलं, ते मला म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम." भरतभाईंनी काजू मांडले होते, फळं मांडली होती. काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जेवायला स्वतःच्या गाडीत गेले, एसी लावून डबा खाल्ला, हात पुसले, परत आले.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली बाई आहे, कारखाने खूप बघितलेत, तपासणारेही खूप बघितलेत. ते खुर्चीत बसून कागद मागतात. काका खुर्चीत बसलेच नाहीत. फ्रायरच्या खाली पाठीवर झोपून टॉर्चनं बघत होते. पट्ट्याच्या साखळीला लावलेलं ग्रीस बोटावर घेऊन त्यांनी त्याचा डबा मागवला आणि डब्यावरचा नंबर फिरवला. मसाला झटकायचा एक ब्रश कोपऱ्यात पडला होता, त्याकडे माझं लक्ष जन्मात गेलं नसतं. काकांनी त्यातला एक केस उपटला, बाहेर जाऊन लायटरनं जाळला आणि वास घेतला. "नायलॉन वितळतं, मॅडम. हा जळला. हा कुणाच्या तरी अंगावरचा आहे." मी ब्रश विकणाऱ्याला फोन केला. डुकराचा केस. प्युअर व्हेजच्या पाटीखाली आम्ही रोज त्यानं शेवेवर मसाला झटकत होतो.

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगू, मला फक्त अचंबा वाटला. वारकरी विठ्ठलाकडे बघतो तसं मी त्या जळक्या केसाकडे बघत होते.

ब्रश त्याच दिवशी बदलले. सगळं बघून झालं, शेवटी तेल उरलं. तेल कनोलाचं, शुद्ध, त्याबद्दल शंकाच नव्हती. काका म्हणाले, "तेलाचं माहेर बरं आहे. पण आलं कशात बसून?"

तेल टँकरमधून येतं आणि आमच्या टाकीत पडतं, एवढं मला माहीत होतं. त्यापुढे मी कधी गेले नव्हते. काका गेले. टँकर यायच्या दिवशी सकाळपासून गेटपाशी घडीची खुर्ची टाकून, डोक्यावर टोपी घालून बसले. टँकर आला. ड्रायव्हर टेक्सासचाच, उंचापुरा, डेल नावाचा, भला माणूस. काकांनी त्याच्याशी आधी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. मग टँकरवर हलकेच थाप मारत विचारलं, "सर, बिफोर धिस ऑइल, व्हॉट वॉज इन हर बेली?"

डेलनं टोपी मागे सारली. "लार्ड, मोस्टली. समटाइम्स टॅलो. बट शी गॉट वॉश्ड, सर."

लार्ड म्हणजे डुकराची चरबी. टॅलो म्हणजे गाईबैलांची. शाळेत आपण सगळे ज्या दोन चरब्यांवरून सत्तावनचं बंड शिकलो, त्या दोन्ही. एकाच टँकरमध्ये.

भरतभाई शेजारच्या पिंपावर बसले. मग हळूच म्हणाले, "बेन, हम क्या बेच रहे थे?"

"धुतला होता म्हणतोय," मी म्हटलं.

"कुणी, कशानं, आणि कोण बघत होतं?" काका म्हणाले. पण आवाज चढवला नाही. भरतभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यांना प्यायला दिलं. "शेठ, आपने जान-बूझ के नहीं किया. अब मालूम हुआ, अब सुधारेंगे."

सुधारणं म्हणजे सोपं काम नव्हतं. टाकी रिकामी करून आतून घासायची, सगळे पाइप सोडवून धुवायचे, आणि फक्त वनस्पतीचंच तेल वाहणारे टँकर देणारा माणूस शोधायचा. तोवर फाइल उघडी. भरतभाईंना आता शिक्का नको होता असं नाही, उलट मोठ्या ऑर्डरीपेक्षा त्यांना स्वतःसाठीच तो हवा झाला होता. देवळात जाऊन आले आणि येईल त्याला सांगत सुटले, "मेरा व्हेज हलालवाले ने प्युअर किया."

कंपनीला शिक्का हवा होता. मला माझा रविवारचा पाहुणा परत हवा होता. महिने चालले होते. दर रविवारी चहाच्या वेळेला मी खिडकीतून बघायची. काका समोरच्या फुटपाथवरून चालत जायचे, आमच्या घराकडे बघून हात करायचे, आणि कॉलनीच्या तळ्यापाशी बाकावर एकटे थर्मास घेऊन बसायचे. बदकांशी बोलत असतील, कोण जाणे.

शेवटी एकदा मी तिथे जाऊन तडातडा बोलले. "काका, पुरे झालं हे. फाइल दुसऱ्याला द्या नं. तुमच्या संस्थेत काय दुसरा माणूस नाही?"

"आहे," ते म्हणाले. "डॅलसहून येईल. भरतशेठच्या ऑफिसात बसेल, काजू खाईल, सही करेल. त्यानं डेलला विचारलं असतं?"

मी तळ्यातल्या बदकांकडे बघितलं.

"तुझी नोकरी आहे तिथे. तुझ्या हातून माल जातो," काका म्हणाले. "एकदा घर नीट लावून देऊ दे. मग बघू." आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. मी थर्मासकडे बघितलं. त्यांनी मला चहा दिला. मी म्हटलं, हे चालतं का? ते म्हणाले, "घेणं बंद आहे, देणं नाही. नियम वाचलाय मी." त्या चहात आल्याच्या नावानं शून्य होतं. तरी मी सगळा प्यायले.

मे महिन्यात ईरा हायस्कूल पास झाली. आम्ही घरी पार्टी ठेवली, सगळी गल्ली आली. काकाही आले, पण ड्राइव्हवेपर्यंतच. कागदात गुंडाळलेली रबियाचाचींची चांदीची डबी ईराच्या हातात दिली. ईरा केकची प्लेट घेऊन धावत बाहेर गेली. "काका, इट्स जस्ट केक. आय मेड इट."

काकांनी प्लेटकडे बघितलं. बघतच राहिले. "आय नो, बाळा," म्हणाले. "आफ्टर द फाइल." तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. ईरा प्लेट घेऊन तशीच उन्हात उभी. आत येऊन म्हणाली, "ममा, ही लुक्ड सो हंग्री." भूक केकची नव्हती हे मला कळत होतं, आणि म्हणूनच इतका संताप आला होता. कशावर, ते धड सांगता येईना. तत्त्वावर रागावून काय करणार? पुन्हा भांडी घासली.

सप्टेंबरात फाइल पुरी झाली. शिक्का मिळाला. भरतभाईंनी पेढे वाटले, ऑर्डर आली. रविवारी मी सकाळपासून तयारी केली. साबुदाण्याची खिचडी, चहात ढीगभर आलं. गराजचं दार उघडं ठेवलं. काका आले नाहीत. समोरच्या फुटपाथवरून हात करून गेले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शिक्का एका वर्षाचा असतो. दर वर्षी नवी तपासणी, मध्ये न सांगता फेरी. म्हणजे काका इन्स्पेक्टर आहेत आणि मी तिथे नोकरी करते आहे तोवर ही फाइल मिटायचीच नाही. आणि काका काम सोडणार? त्या कामावर तर ते जगतात. चाची गेल्यावर ते उभे राहिले ते त्या कामावर. मी खिचडी झाकून ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं, गेला आपला रविवार कायमचा. स्वतःच्या हातानं घालवला मी.

दिवाळीच्या गडबडीत एका सकाळी गेटवरून फोन आला, इन्स्पेक्टर आलेत, न सांगता. मी धावत गेले. डोक्याला निळा स्कार्फ बांधलेली एक मुलगी टँकरपाशी उभी होती, आणि टँकरवर थाप मारून नव्या ड्रायव्हरला विचारत होती, "सर, बिफोर धिस ऑइल, व्हॉट वॉज इन हर बेली?" मी जागच्या जागी उभी राहिले.

सुमय्या नाव तिचं. ह्यूस्टनचीच, केमिस्ट्री शिकलेली. "अंकलनी मला ट्रेन केलं," ती म्हणाली. "वर्षभर मागे लागले होते. केस जाळायलासुद्धा शिकवलं."

"म्हणजे काकांनी काम सोडलं?" मी विचारलं.

"नाही नाही. त्यांच्याकडे खूप फाइल्स आहेत, एक पण सोडत नाहीत. मला फक्त तुमची दिली. म्हणाले, ती उघडी असली की माझं नुकसान होतं." मग तिनं लायटर काढला आणि विचारलं, ब्रश कुठे ठेवता?

त्या रविवारी गराजमध्ये चपलेचा आवाज झाला. काका आत आले, स्टुलावर बसले, जणू मधलं वर्ष गेलंच नव्हतं. मी धुतलेला कप परत धुतला. चहा ओतला. त्यांनी एक घोट घेतला.

"आलं कमी आहे," म्हणाले.

खायला घरात काही केलेलं नव्हतं. ईरा कॉलेजला गेल्यापासून रविवारी मी फारसं काही करतच नव्हते. कपाटात बिस्किटांचा एक नवा पुडा सापडला, कुठल्या कंपनीचा कोण जाणे, नवऱ्यानं सेलमधून आणलेला. आणि मी, ह्या एका वर्षात पुरती बिघडलेली, पुडा उलटा करून चष्मा शोधायला लागले. "थांबा काका, ह्यातलं ग्लिसराइड कशाचं आहे ते आधी बघू द्या. फोन नंबर आहे इथे, मी लावते."

काकांनी पुडा माझ्या हातातून काढून घेतला. पाठ बघितली नाही. सरळ फोडला, दोन बिस्किटं काढली, एक चहात बुडवलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत, ह्या स्टुलावर बसून, ह्या माणसानं एकदाही, कशाचंही माहेर विचारलेलं नाही.

"मी तुला काही विचारलं का?" काका म्हणाले, आणि बिस्किट मऊ होऊन कपात पडायच्या आत त्यांनी खाऊन टाकलं.